एकच डोंगर वर्षभर: हरिश्चंद्रगड कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेने?

मुळाकाठ

नमस्कार मंडळी. दर वेळी नवा किल्ला 'करून टाकण्या'पेक्षा एकच डोंगर सगळ्या ऋतूंत पायी बघायचा, असं आम्हा चौघांचं ठरलंय. डोंगर हरिश्चंद्रगड. पुण्याहून येणार, वयं २८ ते ५५. राजगड, तोरणा, सिंहगड नीट जमतात, दोर लावून चढण्याचा अनुभव शून्य. एकाचा उजवा गुडघा उतरताना कुरकुरतो. ढोबळ बेत असा: जुलैचा मध्य, सप्टेंबरअखेर, जानेवारी आणि मेअखेर.

१. चारही वेळा पाचनई गावाच्या वाटेनेच जावं की वाटा बदलाव्यात? नळीच्या वाटेबद्दल खूप ऐकलंय.
२. पावसाळ्यात 'आज जायचं की नाही' हे कशावरून ठरवायचं?
३. वर प्यायचं पाणी कधी मिळतं?
४. फुलांसाठी नेमका आठवडा कोणता? आणि गडाच्या पश्चिमेच्या कोकणकड्यावरचं इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, दिसायला काय जुळून यावं लागतं?
५. वाटाड्या घ्यावा का?

सोंडेवरून

बेत छान आहे, पण तुम्ही आधी महिने ठरवलेत आणि आता वाट शोधताय. उलटं करा. इथल्या प्रत्येक वाटेवर एक जागा नडते. ती कोणत्या महिन्यात नडते ते कळलं की बाकीचं आपोआप ठरतं.

पाचनई: अडीच ते तीन तास. आधी झाडीतला चढ, मग कड्याच्या पोटातून आडवी वाट, डोक्यावर पुढे आलेला कातळ आणि एका हाताला दरी. पुढे ओढा ओलांडून सपाटीवर आलात की हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर जवळ. अवघड जागी रेलिंग आहे. इथे नडतो तो ओढा, आणि कपारीच्या वाटेवर वरून कोसळणारं पाणी. म्हणजे वाट वर्षभराची, फक्त जोराच्या पावसाचे दिवस सोडून.

खिरेश्वर: कल्याण-नगर रस्त्यावर खुबी फाट्याला उतरायचं, पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून पाचेक किलोमीटर चाललं की गाव. गावातून तोलार खिंड तासा-सव्वा तासात येते, खिंडीतलं दगडी व्याघ्रशिल्प ही खूण. सरळ पलीकडे उतरणारी वाट कोथळ्याला जाते. गडाची वाट डावीकडे कातळावर चढते, तिथे रेलिंग आहे. लोक या कातळाला घाबरतात, पण खरं नडतं ते त्यानंतरचं पठार. एकामागून एक सारख्या दिसणाऱ्या टेकड्या, मधे झाडी, छोटे ओढे, गुरांच्या वाटा. अडीच-तीन तास हेच. धुकं नसेल तर सुरेख चाल आहे, धुकं असेल तर भरकटण्याची हमखास जागा. गावापासून मंदिरापर्यंत एकूण पाच-सहा तास धरा.

नळीची वाट: बेलपाड्यातून, थेट कोकणकड्याच्या कुशीतली घळ. आठ-दहा तास, मोकळे धोंडे, मधे दोर लागणारे कातळटप्पे. पाऊस पूर्ण थांबून घळ कोरडी झाल्याशिवाय विचारही करू नये. तुमच्यासारख्यांनी जाणत्या चमूबरोबरच, डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातच. माझ्या मते पहिल्या वर्षाच्या यादीतून ती काढून टाका, डोंगर कुठे पळून जात नाही.

तेव्हा असं करा. जुलैमध्ये फक्त पाचनई, तीसुद्धा मधल्या वारी. शनिवार-रविवारी रेलिंगच्या जागी रांग लागते आणि भिजलेल्या अंगाने वाऱ्यात ताटकळणं हे चालण्यापेक्षा जास्त थकवतं. सप्टेंबरअखेर पाचनईने चढून पाचनईनेच उतरा, पण वर मुक्काम करा म्हणजे पठारावर फिरायला अख्खा दिवस मिळेल. जानेवारीत खिरेश्वर. मेमध्ये पुन्हा पाचनई, रात्र असतानाच सुरुवात करून.

वाटाड्याचं म्हणाल तर पावसाळ्यात पाचनई असो वा खिरेश्वर, घ्याच. गावातली मुलं रोज वर-खाली करतात. आज ओढा कसा आहे हे कुठल्याही ॲपपेक्षा त्यांना आधी कळतं. जानेवारीत पाचनईला गरज नाही, खिरेश्वरहून पहिल्यांदा जाताना असलेला बरा.

पाणलोट

दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण तिथेच सगळे फसतात.

हरिश्चंद्रगड अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात. हा जिल्हा बहुतांश पर्जन्यछायेतला. त्यामुळे जिल्ह्याच्या नावापुढे हवामान खात्याचा हिरवा रंग असतो आणि त्याच वेळी तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर-रतनवाडीकडे, धो-धो कोसळत असतो. जिल्ह्याचा रंग बघून निघू नका. पुणे घाट आणि नाशिक घाट असे वेगळे इशारे असतात ते बघा, सोबत ठाण्याचा बघा. यातला एकही ऑरेंज असेल तर बेत पुढे ढकला. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमीच्या पुढे 'जोरदार', ११५.६च्या पुढे 'अति जोरदार' आणि २०४.५च्या पुढे 'अत्यंत जोरदार'. घाटमाथ्यावर जुलैत यातला पहिला आकडा ही काही बातमी नसते.

दुसरा उपाय स्थानिक आहे. गडाचं पाणी मुळेत जातं आणि कोतूळजवळ मुळेचा प्रवाह किती क्युसेक आहे ते पावसाळ्यात तिकडच्या बातम्यांत येत असतं. सलग दोन-तीन दिवस आकडा चढतोय याचा अर्थ जमीन पाणी पिऊन तुडुंब झालीय, आता पडेल तो थेंब न् थेंब ओढ्यात उतरणार. अशा वेळी तासाभराची सरसुद्धा पुरते. उलट आठवडाभर उघडीप असेल तर तोच पाऊस ओढ्याला फारसा जाणवत नाही.

तिसरं, जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश आहे का ते निघायच्या आदल्या दिवशी तपासा. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. असे आदेश चार-पाच दिवसांत निघतात नि उठतात, महिन्यापूर्वीची पोस्ट वाचून उपयोग नाही.

आता ओढा. पाणी गुडघ्याच्या खाली आणि तळ दिसत असेल तरच ओलांडायचं. गुडघ्यावर गेलेलं वेगाचं पाणी पाय उचलू देत नाही. पाय उचलला की तोल पाण्याच्या हातात. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथेच पाणी खोल नि वेगवान असतं. पसरट जागा शोधा आणि खाली लगेच धबधबा नाही ना ते आधी बघून या. बूट घालूनच उतरा. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येईल. तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच आधार हलवायचा. चौघं असाल तर खांद्यांना धरून साखळी करा. कमरेला दोर बांधून कुणालाही पाण्यात उतरवू नका, घसरल्यावर तोच दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

पलीकडे गेल्यावर परतीचा ओढा हाच आहे हे विसरू नका. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहून यायला लागला, आवाज जड झाला, म्हणजे वर कोसळलाय. ताबडतोब काठ सोडून उंचावर जा. हे ओढे छोट्या पाणलोटाचे असल्याने अर्ध्या तासात फुगतात, पण पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत उतरतातही. अंधार पडायला वेळ असेल तर थांबणं हेच शहाणपण. म्हणून जुलैत वरून परत फिरायची वेळ दुपारी एक, त्यापुढे नाही.

आणि एक. वाट चुकली तर 'ओढ्याच्या कडेने खाली गेलं की गाव लागतं' हा सल्ला सह्याद्रीत जीवघेणा आहे. इथला ओढा कड्यावरून खाली पडतो. शेवटची ओळखीची खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत मागे या, तिथेच थांबा, शिट्टी वाजवा.

मुळाकाठ

दोघांचेही आभार. घाटांचे वेगळे इशारे असतात हे माहीत नव्हतं. एक शंका: सप्टेंबरला खिरेश्वरने चढून पाचनईने उतरलो तर? दोन्ही बाजू बघून होतील. आणि पावसाळ्यासाठी बूट, पाँचो वगैरे कोणते?

सोंडेवरून

चाल म्हणून उत्तम, पण गाडीचं काय? गाडी खिरेश्वरला आणि तुम्ही पाचनईला. मधे कोतूळ-ब्राह्मणवाडा-ओतूर असा लांबलचक वळसा, आणि पाचनईहून एसटीच्या फेऱ्या मोजक्या. चालक बरोबर असेल तर त्याला गाडी घेऊन फिरवा. नाहीतर एसटीनेच या: आळेफाटा-ओतूरहून खुबी फाटा, परतताना पाचनई-राजूर किंवा कोतूळ. सप्टेंबरात तोलार खिंडीनंतरच्या पठारावर सकाळी दहापर्यंत धुकं साचलेलं असू शकतं, तेव्हा वाटाड्या खिरेश्वरचा घ्या.

बुटांबद्दल: पावसाळ्यात 'वॉटरप्रूफ' बुटाचा उपयोग पहिल्या ओढ्यापर्यंत. पाणी वरून एकदा आत शिरलं की बाहेर पडत नाही आणि तुम्ही दिवसभर दोन बादल्या ओढत चालता. साधा कापडी-जाळीचा बूट, तळ मऊ रबराचा, खाचा खोल. टाच नि चवड्याकडच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर तो बूट सिंहगडालाच ठेवा. नवा कोरा बूटही थेट इथे आणू नका, आधी आठ-दहा दिवस रोजच्या चालण्यात वापरा. नखं कापून या, उतरताना अंगठा पुढे आदळतो.

पाँचो पाचनईच्या झाडीत ठीक, पठारावर वारा त्याचं शीड करतो आणि पायाखालचं दिसेनासं होतं. कमरेपर्यंतचं जाकीट बरं. सॅकला बाहेरून कव्हर घालण्यापेक्षा आतून जाड प्लास्टिकची मोठी पिशवी लावा, कव्हर पाठीकडून गळतंच. एक कोरडा जोड आणि मोजे त्या पिशवीत, आणि काहीही झालं तरी मुक्कामाला पोहोचेपर्यंत ते बाहेर काढायचे नाहीत. जीन्स नको, भिजली की सुकत नाही आणि गुडघा वाकू देत नाही.

पाणलोट

निसरड्याबद्दल थोडी भर. ओल्या कातळावर काळा, गुळगुळीत, चकचकीत पट्टा दिसला की ते शेवाळ. तिथे कुठलाही बूट टिकत नाही. तपकिरी, खरबरीत कातळ ओला असला तरी धरतो. पाऊल पूर्ण सपाट टाकायचं, टाच रोवायची नाही. गवताच्या बुंध्यावर पाय ठेवला तर चालेल, गवताच्या पात्यांवर नाही.

आधाराला कारवीचं झुडूप धरणार असाल तर हिरवंच धरा. कारवी सात वर्षं वाढते, आठव्या वर्षी फुलते, बी धरते नि मरते. मेलेली काठी पुढे बराच काळ उभी असते, दिसायला भक्कम, ओढली की मुळासकट हातात.

सोनकी

फुलांचं विचारलंत म्हणून लिहिते. 'नेमका आठवडा' असा नसतो, दर पंधरवड्याला पठार वेगळं असतं.

पहिल्या पावसानंतर जूनअखेर ते जुलै ही कंदवाल्यांची पाळी: सफेद मुसळी, रानहळद, आषाढ आमरी. रानहळद झाडीच्या कडेला, आमरी गवत अजून बोटभर असताना. जुलैच्या मध्यात गेलात तर हे बघा, पण त्यासाठी मान खाली घालून चालावं लागतं आणि पाऊस ते करू देईल असं नाही. ऑगस्टात तेरडा, कळलावी. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सड्यावरच्या, म्हणजे सपाट कातळावरच्या, पाणथळ खळग्यांत गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू. ही सगळी इवलीशी, उकिडवं बसल्याशिवाय दिसत नाहीत. मातीत पोषण कमी म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू किडे पकडून जगतात. या खळग्यांवर पाय देऊ नका, मातीचा थर दोन-तीन इंचांचा असतो, एकदा बुटाने उकरला की पुढच्या पावसात वाहून जातो.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सोनकी, उतारच्या उतार पिवळे. कवल्याची पिवळी फुलंही याच सुमारास. त्यामुळे तुमचा सप्टेंबरअखेर सोनकीसाठी बरोबर, पण पाणथळीतली फुलं तोवर ओसरायला लागतात. दोन्ही हवं असेल तर १५ ते २२ सप्टेंबर धरा. पाऊस लांबला तर हे सगळं आठ-दहा दिवस पुढे सरकतं.

कारवीचं वर्ष सगळ्या डोंगरांना एक नसतं. निघण्यापूर्वी गावात विचारा, तिथे कुणालाही माहीत असतं.

इंद्रवज्राबद्दल. हा गोल इंद्रधनुष्याचा प्रकार इथे दिसल्याची कर्नल साइक्सची १८३५ची नोंद आहे. जुळून यायला तीन गोष्टी लागतात: पाठीमागे उघडा सूर्य, समोर दरीत धुकं किंवा ढग, आणि तुम्ही त्या धुक्याच्या वर. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्य पाठीशी फक्त सकाळी. दुपारनंतर वाट बघत बसणारे उगीच बसतात. सूर्य क्षितिजाच्या जितका वर, वर्तुळाचं केंद्र तितकंच क्षितिजाच्या खाली, तुमच्याच डोक्याच्या सावलीपाशी. त्यामुळे फार पहाटे बघायचं तर दरीतलं धुकं पार तुमच्या पातळीपर्यंत यावं लागतं. आठ ते दहा हा बरा वेळ, आणि दिवस असा हवा की रात्री पाऊस पडून सकाळी वर निवळलंय पण कोकण अजून भरलेलं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असे दिवस जास्त मिळतात, जुलैत सूर्यच नसतो. म्हणजे वर मुक्काम हवाच, त्याच सकाळी पाचनईहून निघून हे गाठणं घाईचं होतं.

कड्याची कड मात्र ओळखून असा. कडा मधे आत गेलेला आहे, म्हणजे काठावर उभं राहिल्यावर पायाखाली कातळाचा नुसता ओठ असतो, आणि सप्टेंबरात त्यावर गवत वाढून कड झाकते. दहा फूट अलीकडे थांबा. खाली बघायचंच असेल तर कोरड्या कातळावर पालथं पडून, आणि दुसऱ्याने पाय धरून. वाऱ्याचा झोत खालून वर येतो, टोपी-कागद उडून परत येतात हे खरं, माणूस येत नाही.

घसारा

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून दोन गोष्टी. गवत कमरेएवढं असतं, वाटेवरचा दगड दिसत नाही आणि घोट्याला मुरड पडते. काठीने पुढचं गवत चाळवत चला, सापालाही वाट मिळते. साप चावलाच तर चिरा नाही, आवळपट्टी नाही. अवयव हलू न देता बांधा, माणसाला चालवू नका, उचलून खाली आणा नि १०८ला कळवा. ऑक्टोबरमध्ये कुसळी गवताची कुसळं मोज्यात घुसतात आणि टोचून टोचून हैराण करतात. घोट्यापासून पोटरीपर्यंत गेटर किंवा जुन्या पँटचा पाय कापून बांधा.

परतीच्या पावसातल्या आणि मेमधल्या वळवाच्या विजा हा वेगळा धोका. दुपारी दोननंतर तारामती शिखरावर असू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, धार सोडा. रेलिंगला हात नाही, एकट्या झाडाखाली नाही, उथळ कपारीच्या तोंडाशीही नाही, कारण कातळावरून येणारा प्रवाह तिथूनच उडी घेतो.

जानेवारी. हवा कोरडी, वाटा मळलेल्या, पण दिवस सहालाच संपतो. खिरेश्वरहून सकाळी सातच्या आत निघा, म्हणजे दुपारच्या जेवणाला मंदिरापाशी. वर पहाटे पारा एक आकडी होतो आणि कोकणकड्यावर वारा असतो. तंबू लावायचाच तर कड्यापासून लांब, झाडीच्या आडोशाला. अगदी खळग्यातही नको, थंड हवा तिथेच उतरून साचते. तंबूच्या दोन्ही बाजूंची झडप थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाचं पाणी सकाळी छतावरून ठिबकतं. अंगाखाली जाड मॅट हवी, थंडी जमिनीतून जास्त येते. तंबू आणि चूल कुठे चालते याचे वनखात्याचे नियम बदलत असतात. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, पायथ्याच्या नाक्यावर विचारून मगच वर न्या. गावकऱ्यांकडे वर जेवणाची आणि निवाऱ्याची सोय होते. त्यांच्याकडेच राहिलात तर ओझं निम्म्यावर येतं.

केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती पाणी कमरेएवढं, गार. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. जानेवारीत प्रदक्षिणा घालायची तर कोरडे कपडे आणि टॉवेल आधी काठावर काढून ठेवा. पावसाळ्यात समोरच्या ओढ्यामुळे तिथे जाता येत नाही, तेव्हा जुलैच्या यादीतून गुहा काढून टाका.

नळीच्या वाटेबद्दल वर लिहिलंय ते बरोबर आहे. एवढीच भर की तिथे माणूस पडण्यापेक्षा दगड पडून इजा होण्याची शक्यता जास्त. हेल्मेटशिवाय जाऊ नये आणि एकाच्या रेषेत दुसऱ्याने उभं राहू नये.

रानमेवा

मेअखेरबद्दल. पहाटे चार-साडेचारला पाचनई सोडा, आठपर्यंत वर. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेचार मंदिराच्या किंवा लेण्यांच्या सावलीत काढा, कोकणकड्यावर पाचनंतर. दूरचं काही दिसेल ही अपेक्षा ठेवू नका, हवा धुरकट असते. लांबचे डोंगर मोजायचे तर नोव्हेंबर.

माणशी चार लिटर पाणी पायथ्यापासून. मंदिरापाशी टाक्यांत उन्हाळ्यातही पाणी असतं, पण पाचनई ते मंदिर या टप्प्यात ओढ्यांवर भरवसा नाही. टाक्यात उतरू नका, भांडं दोरीला बांधून काढा. कापडातून गाळून उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. नुसतं पाणी पीत राहून डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर मीठ कमी पडलंय. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. घाम थांबून अंग तापलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो थकवा नाही, उष्माघात आहे. सावलीत निजवा, कपडे ओले करा, वारा घाला, १०८ लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

फेब्रुवारी ते मे या काळात कड्यांवरची आग्या मोहळं लक्षात ठेवा. अत्तर-डिओ नको, धूर नको, आरडाओरडा नको, ड्रोन तर नकोच. उठलीच तर झटकत बसू नका, तोंड-मान कपड्याने झाकून पळा. काटे नखाने, चिमटीने किंवा एटीएम कार्डाच्या कडेने, जमेल तसे पण लगेच काढा. कसे काढले यापेक्षा किती लवकर काढले हे महत्त्वाचं.

वणवा दिसला तर चढाकडे पळायचं नाही, आग चढावर वेग घेते. उघडा कातळ किंवा आधीच जळून गेलेला पट्टा गाठा.

वाटेवर करवंदं, जांभळं मिळतील. आणि मेअखेर आलाच आहात तर पायथ्याला एक संध्याकाळ काजव्यांसाठी ठेवा. पुरुषवाडी-भंडारदरा-घाटघर पट्टा त्यासाठी प्रसिद्ध आहे, पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत. टॉर्च लाल कागद लावून, खाली जमिनीकडे. नर लुकलुकून मादीला खूण करतो, पांढऱ्या उजेडात ती खूण पोहोचत नाही. गाडीचे दिवे झाडांकडे रोखू नका.

मुळाकाठ

इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. सप्टेंबर १५ ते २२ करतो आणि नळीची वाट यादीतून काढली. गुडघ्याबद्दल मात्र कुणी काही सांगितलं नाही. काठ्या दोन घ्याव्यात की एक? छत्री अजिबात नको का?

सोंडेवरून

छत्री पायथ्याच्या गावात. वर नाही.

गुडघेवाल्यांना चारही वेळा पाचनईच ठेवा, जानेवारीतसुद्धा. खिरेश्वरला बाकीचे तिघं चढतील, गुडघेवाले पाचनईहून येऊन वर भेटतील, फक्त एकटे नको, वाटाड्या सोबत हवा. उतरताना पावलं छोटी, उंच पायरीवर तिरकं उभं राहून चांगला पाय वर आणि दुखरा आधी खाली. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं थांबा, दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी.

घसारा

काठ्या दोन, पण कपारीच्या वाटेवर आणि रेलिंगपाशी दोन्ही सॅकला अडकवायच्या, तिथे हात मोकळे हवेत. मनगटाच्या पट्ट्यात हात अडकवून उतरू नका, काठी फटीत रुतली तर मनगट पिळवटतं. चढताना कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, उतरताना त्याहून पाच-दहा सेंटिमीटर जास्त. टोकाला रबरी टोपी ओल्या कातळासाठी, मुरुमाच्या उतारावर ती काढून पोलादी टोक वापरा. तशा मोकळ्या उतारावर टाच रोवून चालायचं, पाणलोट यांनी सांगितलेलं सपाट पाऊल फक्त कातळावर. लॉक पायथ्याला एकदा अंगाचा भार टाकून तपासा. स्वस्त काठ्यांचे पिळाचे लॉक भिजल्यावर सरकतात, पट्टीचे लॉक घ्या.